बुचाला लागलेले खडे: शिराझच्या एका लॉटचं प्रकरण

मार्चमधल्या एका शुक्रवारी रात्री पावणेदहाला शिवाजी पार्कजवळच्या एका रेस्टॉरंटमधून फोन आला. मॅनेजर दबक्या आवाजात बोलत होता, म्हणजे पाहुणे अजून टेबलावरच होते. "ताई, रेड वाईनमध्ये काच निघालीय. ती दिंडोरीवाल्यांची शिराझ, तुम्ही दिलेली."

ती वाईन, शिराझ या जातीच्या द्राक्षांची रेड, त्यांच्या यादीत मीच घातली होती, हे आधीच सांगते. मुंबईतल्या पाच-सहा लहान रेस्टॉरंटना मी वाईनची यादी करून देते आणि वेटरांना बाटली उघडण्यापासून शिकवते. दिंडोरी तालुक्यातलं ते कुटुंब मी ओळखते, त्यांच्या ओट्यावर जेवले आहे. त्यामुळे या प्रकरणात मी तटस्थ नव्हते. म्हणूनच पुढच्या सगळ्या चाचण्या मी स्वतः केल्या नाहीत. माटुंग्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीच्या हातून त्या करून घेतल्या आणि मी फक्त शेजारी उभी राहिले.

त्या रात्री

चौघांचं टेबल होतं. मुलगा, सून, त्यांची एक मैत्रीण आणि मुलाची आई. मटण सुक्क्याबरोबर त्यांनी शिराझ मागवली. दुसऱ्यांदा ग्लास भरताना सुनेला तळाशी काहीतरी चमकलं. बोटाने काढलं तर साखरेच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, कडक, लकाकणारे कण होते. बूच पाहिलं तर त्याच्या वाईनकडच्या टोकालाही तसेच कण चिकटलेले. आईने तोवर पाऊण ग्लास संपवला होता. त्या क्षणी त्या मुलाला काय वाटलं असेल याची कल्पना करायला वाईन कळावी लागत नाही.

मॅनेजरने केलेल्या दोन गोष्टींमुळे हे प्रकरण पुढे सुटलं. वाद न घालता त्याने चारही ग्लास उचलले आणि बिल रद्द केलं. आणि उरलेली बाटली, बूच आणि ग्लासातला गाळ असं सगळं प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून, वर तारीख आणि टेबल नंबर लिहून वेगळं ठेवलं. बहुतेक ठिकाणी अशी बाटली सिंकमध्ये रिकामी होते आणि मग फक्त आरोप उरतो. काच आहे असा संशय असेल तर आधी पाहुण्याला वाचवायचं आणि पुरावा सांभाळायचा, बाकीचं सकाळी. त्याने नेमकं तेच केलं. आईला त्याच रात्री डॉक्टरांना दाखवलं. तोंडात, घशात कुठेही ओरखडा नव्हता.

चूक झाली ती शनिवारी सकाळी. मालकांनी वाईनरीला मेल लिहिला, "तुमच्या बाटलीत काचेचे तुकडे सापडले आहेत", आणि त्याची प्रत डिस्ट्रिब्युटरला पाठवली. काचेसारखं काहीतरी असं न लिहिता सरळ काच लिहिलं. दुपारपर्यंत डिस्ट्रिब्युटरने त्या लॉटचा बाकीच्या चार ठिकाणचा पुरवठा थांबवला आणि आधीच्या मालाचं बिलही अडकवून ठेवलं. ज्यांच्याकडे अख्ख्या वर्षात शिराझच्या दोन टाक्या भरतात, त्यांच्यासाठी एवढा एक शब्द पुरेसा होता.

काच की खडे

मला फोनवरच संशय आला होता, कारण मॅनेजर म्हणाला, "बुचालापण लागलेत." काचेचा तुकडा जड असतो, तो तळाशी बसतो. बुचाच्या टोकावर एकसारखा थर धरून बसणारी गोष्ट आतल्या आत तयार झालेली असते. पण संशयावर कुणाच्या आईच्या पोटाचा निर्णय करायचा नसतो. शिवाय बाटलीत काच असणं अशक्यही नाही. रिकाम्या बाटल्या एकमेकींवर आपटून तोंडाची कड उडते, कॉर्कस्क्रू चुकीचा टेकवला तर उघडताना टवका निघतो, आणि क्वचित कारखान्यातूनच आत काचेचा धागा राहिलेली बाटली येते. म्हणून काच आहे असं धरूनच सुरुवात केली.

रविवारी सकाळी त्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आम्ही चौघं होतो. मैत्रीण, मी, मॅनेजर आणि दिंडोरीहून पहाटेच निघालेला वाईनरीचा धाकटा मुलगा. तो कुणाशी फारसं बोलत नव्हता.

आधी बाटलीचं तोंड पाहिलं. मैत्रिणीने कडेवरून आत-बाहेर कापूस फिरवला, एक तंतूही अडकला नाही. मग दादरच्या एका सराफाकडून आणलेल्या भिंगाखाली कण ठेवले. काच फुटते तेव्हा प्रत्येक तुकडा वेगळ्या आकाराचा होतो, कडा शिंपल्यासारख्या वळतात. इथे चपटे, सपाट पैलूंचे, जवळपास एकाच घडणीचे कण होते. आणि ते जांभळट होते, अगदी आतपर्यंत. काच वाईनमध्ये वर्षभर बुडवून ठेवली तरी रंग आत घेत नाही. स्फटिक वाढताना मात्र भोवतालचा रंग स्वतःत अडकवत जातो. दोन चमच्यांमध्ये दाबल्यावर कणाचं पीठ झालं आणि स्टीलवर चरा उठला नाही.

माझ्या दृष्टीने निर्णायक ठरली ती पुढची चाचणी, कारण ती कोणत्याही किचनमध्ये होते. बाटलीतली सगळी उरलेली वाईन कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळली. फिल्टरवर काळपट गाळ आणि त्यात चमकणारे खडे राहिले, सगळे मिळून अर्धा ग्रॅमसुद्धा नसतील. त्यांवर हळूहळू अर्धा कप उकळतं पाणी ओतलं. दोन-तीन मिनिटांत चमक गेली. फिल्टरवर फक्त रंगाचा आणि टॅनिनचा, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्याचा, मऊ चिखल उरला आणि भिंगाखाली त्यात एकही टोकदार वस्तू दिसली नाही. काच असती तर ती तिथेच असती. खाली गळालेल्या पाण्यात मैत्रिणीने चिमूटभर खायचा सोडा टाकला, तर ते फसफसलं, म्हणजे विरघळलेला पदार्थ आम्ल होता. हे सगळं झाल्यावरच तिने बुचावरचा एक कण जिभेवर ठेवला. आंबट.

हे खडे पोटॅशियम बायटार्ट्रेटचे होते. केक करणारे ज्याला क्रीम ऑफ टार्टर म्हणून डबीत विकत आणतात, तोच पदार्थ. जुन्या पद्धतीच्या बेकिंग पावडरीत सोड्याच्या जोडीला हाच असतो. द्राक्षाच्या आंबटपणातला मोठा वाटा टार्टरिक आम्लाचा असतो, आणि आपल्या चिंचेचा आंबटपणाही मुख्यतः त्याचाच. हे आम्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1769 मध्ये वेगळं केलं ते वाईनच्या पिंपांना आतून धरणाऱ्या याच खरपुडीतून. पुढे 1848 मध्ये लुई पाश्चरने याच आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली निवडून वेगळे केले आणि दाखवलं की त्यातले काही दुसऱ्यांचं आरशातलं प्रतिबिंब असतात. ज्या कणांनी एका कुटुंबाची झोप उडवली, त्यांचा इतिहास असा आहे. सराफाचं भिंग हातात धरून मी हे त्या धाकट्याला सांगितलं, तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

डिसेंबरात का नाही?

काच नव्हती एवढ्यावर फाइल बंद करता आली असती. मला ते पटेना. हाच लॉट डिसेंबरात शंभरावर बाटल्या विकला गेला होता आणि एकही तक्रार नव्हती. आधीच्या वर्षांचे लॉटही बिनतक्रार गेले होते. मग मार्चमध्येच हे का झालं?

अर्धं उत्तर त्याच किचनच्या शेजारी मिळालं. 15 पेट्या, म्हणजे 180 बाटल्या, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आल्या होत्या आणि एसी असलेल्या स्टोअरमध्ये ठेवल्या होत्या. संध्याकाळी लागतील तेवढ्याच तासभर थंड करून द्यायचे. जानेवारीत स्टोअरमध्ये ओल उतरली, दुरुस्ती निघाली, आणि उरलेल्या 62 बाटल्या बिअरच्या कूलरमध्ये आडव्या रचल्या गेल्या. त्या कूलरचा काटा 4 अंशांवर होता. म्हणजे त्या बाटल्या तिथे जवळजवळ दहा आठवडे पडून होत्या.

हे खडे विरघळणं तापमानावर फार अवलंबून असतं. 100 मिलिलिटर पाण्यात उकळीच्या वेळी साधारण 6 ग्रॅम विरघळतात आणि 20 अंशांला जेमतेम अर्धा ग्रॅम. पाण्यात 12-13 टक्के अल्कोहोल असेल तर तेही जवळपास निम्म्यावर येतं. त्यामुळे ताज्या वाईनमध्ये हा क्षार बहुधा मावतो त्यापेक्षा जास्तच असतो, फक्त बाहेर पडायला त्याला थंडी आणि वेळ हवा असतो. रेड वाईनमधलं टॅनिन आणि रंगद्रव्यं त्याला बराच काळ अडवून धरतात. दहा आठवड्यांच्या थंडीपुढे तीही अपुरी पडली.

इथे मुंबईबद्दल थोडं सांगायला हवं. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते ज्या युरोपीय घरांमधून आलं त्यांच्या खोल्या 16-18 अंशांच्या होत्या. दादरमध्ये मार्चच्या संध्याकाळी पंखा चालू असूनही खोली 30 अंशांची असते, आणि त्या तापमानाला शिराझ नुसती जळजळीत लागते, अल्कोहोल नाकात घुसतं. तेव्हा इथे रेड थंड करून देणं अगदी बरोबर आहे, मी स्वतः तसंच शिकवते. त्यासाठी थोडा वेळ फ्रिज पुरतो. पण फ्रिजात साठवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि मी शिकवताना तो फरक कधी स्पष्ट सांगितला नव्हता. मॅनेजरने मला ते सरळ विचारलं. मी हो म्हटलं.

उरलेलं अर्धं उत्तर दिंडोरीला होतं.

आबांची बाग

हे कुटुंब मुळात खायच्या द्राक्षांचं. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, त्यानंतर नाशिकच्या ज्या बागायतदारांनी वाईनच्या जाती लावल्या त्यांत या घरचे कर्ते आबाही होते. 2008-09 ला मागणी कोसळली तेव्हा आजूबाजूच्या अनेकांनी त्या वेली उपटून पुन्हा खायच्या जाती धरल्या. आबांनी शिराझ ठेवली. दुसऱ्यांना द्राक्षं विकून भाव मिळत नाही म्हटल्यावर घरीच वाईन करायला घेतली. धाकटा टाक्या सांभाळतो, थोरला बाग, आणि रसायनशास्त्रात बीएस्सी केलेली थोरली सून प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हणजे जुन्या धान्याच्या खोलीतलं एक टेबल, पीएच मीटर, ब्युरेट आणि एक वही.

वही मी तासभर वाचली. अशी वही ठेवणारी माणसं मला कुठल्याही पदकापेक्षा मोठी वाटतात. त्या हंगामात रसाचा पीएच 3.9 ला गेला होता, आधीच्या वर्षांपेक्षा बराच वर. पीएच चढला म्हणजे आंबटपणा उतरला. सूनबाई म्हणाल्या, "ताई, आबांनी शेवटच्या महिन्यात झिरो झिरो फिफ्टी दोनदा जास्त सोडलं." म्हणजे ठिबकमधून पालाश. खायच्या द्राक्षात साखर भरावी, मणी वजनदार व्हावा म्हणून बागायतदारांच्या हाताला ती सवय असते. वाईनच्या द्राक्षात मात्र ते पालाश, म्हणजे पोटॅशियम, सालीत साठतं, आणि रेड वाईन सालीसकट आंबवतात म्हणून सगळं रसात उतरतं. त्याने पीएच चढतो. चढलेल्या पीएचला वाईन नाजूक होते. तिला जंतूंपासून वाचवायला 3.5 पीएचला जेवढा मुक्त सल्फर डायऑक्साइड लागतो, 3.8 ला त्याच्या जवळपास दुप्पट लागतो. म्हणून सूनबाईंनी टार्टरिक आम्ल घालून पीएच खाली आणला. तो निर्णय योग्यच होता. पण आता त्या टाकीत पोटॅशियमही जास्त होतं आणि टार्टरिकही, म्हणजे खड्याचे दोन्ही घटक भरपूर.

तरीसुद्धा आधीच्या वर्षीसारखं झालं असतं तर बाटलीत काही दिसलं नसतं. धाकट्याने एक पोतं आणून माझ्यापुढे उघडलं. आत जांभळी, कडक, कवडीसारखी चमकणारी खरपुडी होती. दर वर्षी टाक्या रिकाम्या झाल्या की आतल्या भिंतीवरून खरवडून काढलेली. मोठ्या वाईनरीत वाईन टाकीतच शून्याखाली चार अंशांपर्यंत नेऊन काही दिवस, कधी काही आठवडे धरतात, म्हणजे खडे बाटलीऐवजी टाकीत पडतात. यांच्या टाक्यांना तसा थंड करणारा जॅकेट नाही, तेवढा चिलर परवडत नाही. यांचा चिलर म्हणजे नाशिकची थंडी. निफाडचा पारा दहाच्या खाली उतरल्याची बातमी डिसेंबर-जानेवारीत दर वर्षी पेपरात येते, त्या रात्री हे लोक टाक्यांच्या शेडची दारं उघडी टाकतात आणि सकाळी ऊन चढायच्या आत बंद करतात. फेब्रुवारी-मार्चला आलेली द्राक्षं, वर्षभर टाकीत, एक हिवाळा अंगावरून गेला की फेब्रुवारीअखेर बॉटलिंग. पद्धत तीच ठरलेली.

या लॉटचं बॉटलिंग 14 नोव्हेंबरला झालं होतं. वहीत तारखेपुढे कारण लिहिलेलं होतं: "मुंबई ऑर्डर, डिसेंबरआधी."

ती ऑर्डर याच रेस्टॉरंटची होती आणि ती माझ्यामार्फत गेली होती. नाताळ, थर्टी फर्स्ट, लग्नसराई यांआधी माल हवा, असं मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. आबा एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणाला, मग आम्ही काढली." त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, तरी मला मान वर करता आली नाही. ज्या टाकीतून ही वाईन काढली, तिच्या भिंतीवर खरपुडी जवळजवळ नव्हतीच. ती सगळी या लॉटच्या बाटल्यांत वाटली गेली होती, थंडीची वाट बघत.

खात्री करायला आम्ही त्यांच्याकडच्या राखीव नमुन्यांतल्या चार बाटल्या घेतल्या. दोन मुंबईत माझ्या 18 अंशांच्या कपाटात ठेवल्या, दोन घरच्या फ्रिजमध्ये आडव्या. अकराव्या दिवशी फ्रिजातली एक उघडली तर बुचाच्या टोकावर बारीक लकाकी होती. महिन्याने दुसरीत खडे डोळ्यांना दिसण्याएवढे झाले होते. कपाटातल्या दोन्ही स्वच्छ. आणि चव? महिन्याने उघडलेल्या तिन्ही बाटल्या मैत्रिणीने झाकून माझ्यापुढे ठेवल्या, मला फ्रिजातली ओळखता आली नाही. मिरी, जांभूळ, शेवटी थोडासा कोको, सगळं जागच्या जागी. वाईनला काहीही झालेलं नव्हतं.

नंतर

दुरुस्तीतला सगळ्यात अवघड भाग मेलचा होता. काच हा शब्द ज्या सहा पत्त्यांवर गेला होता, त्याच सहा पत्त्यांवर "काच नव्हती" हे जायला हवं, असा मी आग्रह धरला. मालक तोंडी मान्य करत होते, वाईनरीला फोन करून दिलगिरीही व्यक्त केली, पण लिहून द्यायला त्यांना नऊ दिवस लागले. ते वाईट माणूस नाहीत. आपल्या हॉटेलाचं नाव आणि काच हे दोन शब्द पुन्हा एका कागदावर येऊ नयेत, ही त्यांची भीती मला समजत होती. पण त्या नऊ दिवसांत दिंडोरीत आबा रोज संध्याकाळी धाकट्याला विचारायचे, "आलं का पत्र?" मेल गेला त्याच आठवड्यात डिस्ट्रिब्युटरने अडकलेलं बिल सोडलं आणि चारपैकी तीन ठिकाणी माल परत सुरू झाला. चौथ्याने पुन्हा घेतला नाही.

उरलेल्या बाटल्या फेकल्या नाहीत. कूलरमधून काढून एक दिवस उभ्या ठेवायच्या, मग उजेडासमोर धरून सावकाश डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतायच्या, गाळ बाटलीच्या खांद्याशी आला की थांबायचं. वेटरना मी आता वर्गात फिल्टर आणि उकळत्या पाण्याची चाचणी करायला लावते. एकदा स्वतः खडा विरघळताना पाहिला की ते पाहुण्याला पाठ केलेलं वाक्य सांगत नाहीत, त्यांना खरंच माहीत असतं. तरीही नियम पहिलाच कायम आहे: शंका आली की आधी ग्लास उचला.

मागच्या लेबलवर सूनबाईंनी दोन ओळी वाढवल्या. मसुद्यात "नैसर्गिक अवक्षेप" असं लिहिलं होतं, मी ते बदलायला लावलं. आता तिथे आहे: "बुचाला किंवा तळाशी दिसणारे खडे द्राक्षातल्याच आंबटपणाचे आहेत. गरम पाण्यात विरघळतात. फ्रिजात फार दिवस ठेवू नका." कायद्याने हे लिहिणं बंधनकारक नाही. या प्रकरणात वाईनरीची चूक कोणती असं विचारलं तर मी हीच सांगेन, की हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं, पोतं भरून माहीत होतं, आणि त्यांनी बाटलीवर लिहिलं नव्हतं. पालाशाचं आता देठ परीक्षण करूनच, म्हणजे पानाच्या देठातलं पोषण तपासूनच, ठरतं आणि शिराझची ठिबकची लाइन थोरल्याने खायच्या द्राक्षांपासून वेगळी केली आहे.

त्या रात्री टेबलावर असलेल्या कुटुंबाला मी गिरगावात घरी जाऊन भेटले. निकाल सांगितला, पुडीतले चार खडे दाखवले. आईंनी ते तळहातावर घेतले, चिंचेचं आम्ल म्हटल्यावर थोडा विचार केला आणि आत गेल्या. मोरीत तांब्याचा एक काळा पडलेला गडू होता. ओल्या बोटाने खडे चुरून त्यांनी त्याच्या काठावर घासले. रुपयाएवढी जागा लख्ख निघाली. "आहे खरं चिंचेच्याच घरातलं," त्या म्हणाल्या, आणि मग मला, "पण त्या रात्री मी घाबरले होते हो." मी त्यांना सांगितलं की घाबरणं बरोबरच होतं.

या वर्षी ऑक्टोबरअखेर मी दिंडोरीला फोन केला, डिसेंबरसाठी काही मिळेल का म्हणून. फोन आबांनी घेतला. शिराझ टाकीत आहे म्हणाले, अजून थंडी पडायचीय. फेब्रुवारीत या.

मी यादीत त्या ओळीपुढे "फेब्रुवारीअखेर" असं लिहिलं आणि रेस्टॉरंटला तसं कळवलं.